एक आजार, त्रेसष्ट चिठ्ठ्या

क्षयरोगावर कोणतं औषध द्यायचं, किती द्यायचं आणि किती महिने द्यायचं, हे वैद्यकशास्त्रानं केव्हाच ठरवून ठेवलेलं आहे. टीबी पहिल्यांदाच झाला असेल आणि जंतू नेहमीच्या औषधांना दाद देणारे असतील, तर पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने त्यातली दोन किंवा तीन. डोस वजनावर: आयसोनियाझिड किलोमागे ५ मिलिग्रॅम, रिफॅम्पिसिन १०, पायराझिनामाइड २५, इथॅम्ब्युटॉल १५. सहा महिने, एकही खाडा न करता. साध्या ताप-खोकल्यात डॉक्टरांना बरंच काही अंदाजानं करावं लागतं. इथं तशी वेळ येत नाही. म्हणून दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत किती आणि का फरक पडतो हे समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात टीबीपासून करावी.

मुंबईत हा फरक मोजला गेला. डॉ. मुकुंद उपळेकर आणि डॉनल्ड शेपर्ड यांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. धारावीसारख्या गरीब वस्त्यांत दवाखाना चालवणाऱ्या शंभराच्या आसपास खासगी डॉक्टरांना त्यांनी विचारलं, की टीबीच्या पेशंटला तुम्ही काय लिहून देता? उत्तरादाखल ८० वेगवेगळे औषधोपचार पुढं आले. त्यातले बहुतेक चुकीचे होते, शिवाय महागही.

त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी हिंदुजा हॉस्पिटलचे छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया यांनी, उपळेकरांनाच सोबत घेऊन, त्याच भागात तोच प्रश्न पुन्हा विचारला. मधल्या काळात देशाचा टीबी कार्यक्रम नव्यानं उभा राहिला होता, औषधं गावोगाव पोचली होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या दुसऱ्या पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारचे औषधोपचार लिहिले. पूर्ण बरोबर चिठ्ठी लिहिणारे निघाले सहा. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर काय द्यायचं, हे बरोबर लिहू शकले फक्त तीन. चुकांचा कलही बघण्यासारखा होता: कमी औषध देण्यापेक्षा जास्त औषधं, जास्त महिने देण्याकडं. आणि या डॉक्टरांपर्यंत टीबी कार्यक्रमाचं कुणी कधी पोचलेलंच नव्हतं. ना माहिती द्यायला कुणी आलं, ना विचारपूस करायला.

हे आकडे वाचून डॉक्टरांवर चिडणं सोपं आहे. पण ही मंडळी प्रशिक्षणाच्या कार्यक्रमाला येऊन बसलेली होती, म्हणजे शिकायची इच्छा असलेली होती. शिवाय १९९७ पासून २०१७ पर्यंत सरकारी कार्यक्रमात टीबीची औषधं आठवड्यातून तीनदा दिली जात, तर मोठ्या खासगी रुग्णालयांतले तज्ज्ञ ती रोज द्यायचे. गल्लीतल्या डॉक्टरनं कुणाचं ऐकायचं? २०१७ मध्ये सरकारी कार्यक्रमही रोजच्या औषधांवर आला, तेव्हा कुठं हा घोळ मिटला.

चुकीच्या चिठ्ठीची किंमत मात्र पेशंट मोजतो. डिसेंबर २०११ मध्ये उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार पेशंटची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचे जंतू तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नव्हते. त्यातल्या तिघांनी दीड वर्षात सरासरी चार-चार खासगी डॉक्टर पालथे घातले होते आणि दर ठिकाणी दुसऱ्या फळीचं एखादं औषध, बहुधा चुकीच्या डोसात, वाढवलं गेलं होतं. टीबीत एकेक औषध असं भर घालत जाणं फार घातक असतं. प्रत्येक नव्या औषधाला एकट्यानं लढावं लागतं आणि जंतू एकेकाला पचवत पुढं जातात. या बातमीनं देश हादरला आणि मे २०१२ मध्ये केंद्र सरकारनं टीबीच्या प्रत्येक पेशंटची नोंद कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक केलं.

कागदावर विचारलेल्या प्रश्नातून डॉक्टरला काय ठाऊक आहे ते कळतं. समोर पेशंट बसल्यावर तो काय करतो, ते कळत नाही. ते जाणून घेण्यासाठी संशोधकांनी एक पद्धत वापरली: सामान्य घरांतल्या माणसांना निवडायचं, एखाद्या आजाराची हकिकत त्यांच्याकडून पक्की घोटवून घ्यायची आणि त्यांना पेशंट म्हणून दवाखान्यात पाठवायचं. आलेला पेशंट खरा की तयार केलेला हे डॉक्टरांना ओळखू येत नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरनं काय विचारलं, काय तपासलं, काय दिलं याची नोंद होते. जिष्णु दास, मधुकर पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४-१५ मध्ये मुंबई आणि पाटण्यात अशा अडीच हजारांहून जास्त भेटी घडवून आणल्या. दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप सांगणाऱ्यापासून ते हातात टीबीचा पक्का रिपोर्ट घेऊन आलेल्यापर्यंत वेगवेगळे पेशंट त्यात होते. बरोबर पाऊल, म्हणजे तपासणी करायला सांगणं, योग्य ठिकाणी पाठवणं किंवा योग्य औषध सुरू करणं, ३५ टक्के भेटींत पडलं.

उरलेल्या भेटींत काय झालं, ते नीट बघायला हवं. पेशंट रिकाम्या हातानं क्वचितच परतला. खोकल्याचं सिरप, ॲसिडिटीची गोळी, एखादं अँटिबायोटिक, कधी स्टेरॉइड, कधी क्विनोलोन गटातलं औषध. हा शेवटचा गट धोक्याचा. त्यातलं लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालतं. चार दिवसांत ताप उतरतो, भूक लागते, पेशंट म्हणतो गुण आला. पण एकट्या औषधानं टीबी बरा होत नाही. तो दबून राहतो, थुंकीच्या तपासणीत सापडायला अवघड होतो आणि महिन्या-दीड महिन्यानं परत उफाळतो. तोवर घरातल्या चौघांना लागण होऊन गेलेली असते. चिठ्ठी लिहिणाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी पेशंट बरा झाला, आणि पुढच्या खोकल्याला तो तेच औषध जास्त खात्रीनं लिहितो.

आपल्याकडं दोष सहज मेडिकलवाल्यावर ढकलला जातो, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. याच संशोधकांनी मुंबई, दिल्ली आणि पाटण्यातल्या ६२२ औषध दुकानांत असेच तयार केलेले पेशंट पाठवले. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणारे बरेच निघाले. पण टीबीची पहिल्या फळीची औषधं एकाही दुकानदारानं परस्पर दिली नाहीत. रिपोर्टवर टीबी लिहिलेला दिसला, की अँटिबायोटिक देण्याचं प्रमाणही घटलं. टीबीच्या औषधांतला गोंधळ काउंटरवर सुरू होत नाही, चिठ्ठीच्या पॅडवर होतो.

मग डॉक्टरांना अजून शिकवलं तर? पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात हे करून पाहिलं गेलं. पदवी नसलेल्या, पण गावात डॉक्टर म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या तीनशेवर लोकांपैकी निम्म्यांना नऊ महिने पद्धतशीर शिकवलं आणि मग तयार केलेले पेशंट पाठवून तपासलं. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. शिकलेल्यांचं निदान आणि उपचार सुधारले, ही आनंदाची गोष्ट. पण अनावश्यक औषधं आणि अँटिबायोटिक देणं मात्र जराही कमी झालं नाही. त्याच वर्षी मध्य प्रदेशातल्या खेड्यांतला दुसरा अभ्यास आला. तिथं एकाच सरकारी डॉक्टरकडं तोच आजार सांगणारा पेशंट एकदा सरकारी दवाखान्यात आणि एकदा त्याच्या खासगी प्रॅक्टिसमध्ये पाठवला गेला. खासगीत त्यानं जास्त वेळ दिला, जास्त प्रश्न विचारले, योग्य उपचारही जास्त वेळा केले. गरज नसलेली औषधं मात्र दोन्हीकडं सारखीच दिली. ज्ञान तेच, पदवी तीच, माणूस तोच, आणि तरी एका खुर्चीवरची वागणूक दुसऱ्या खुर्चीवर नाही.

म्हणजे अज्ञान हे कारण आहे, पण ते अर्धंच. उरलेलं अर्धं कारण दवाखान्यात, डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधल्या टेबलावर आहे.

या टेबलाकडं बघणारा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास भारतातला नाही. तो ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल भागातला आहे, १९९७ सालचा. जिल कॉकबर्न आणि सॅब्रिना पिट यांनी दवाखान्यात शिरण्याआधी पेशंटना विचारलं, तुम्हाला औषध मिळावं असं वाटतं का? आणि पेशंट गेल्यावर डॉक्टरांना विचारलं, याला औषध हवं होतं असं तुम्हाला वाटलं का? ज्या पेशंटला औषध हवं होतं, त्याला ते मिळण्याची शक्यता जवळपास तिप्पट होती. पण ज्याला औषध हवंय असं डॉक्टरला वाटलं, त्याला ते मिळण्याची शक्यता दहापट होती. पेशंटच्या मनात काय आहे यापेक्षा डॉक्टर त्याबद्दल काय समजतो, यावर चिठ्ठी जास्त ठरते. आणि ही समजूत पुष्कळदा चुकते. माणूस आलेला असतो हे न्यूमोनिया तर नाही ना, एवढं विचारायला. डॉक्टरला वाटतं, हा गोळ्या घेतल्याशिवाय हलायचा नाही. दोघंही एकमेकांना विचारत नाहीत.

आपल्याकडं या समजुतीला व्यवहाराचीही जोड आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आणि शहरांच्या वस्त्यांत डॉक्टरची फी म्हणजे तपासणी, दोन दिवसांच्या गोळ्या आणि इंजेक्शन मिळून एक रक्कम. गोळ्या कंपाउंडर पुडीत बांधून देतो. या व्यवहारात नुसत्या सल्ल्याची किंमत धरलेलीच नसते. "काही लागणार नाही, गरम पाणी प्या, चार दिवसांत बरं वाटेल" असं सांगून शंभर रुपये मागायला डॉक्टरची जीभ रेटत नाही, आणि द्यायला पेशंटचा हात पुढं येत नाही. त्यात रोजंदारीवरच्या माणसाचं गणित वेगळं. आजचा खाडा पडला, उद्या कामावर जायलाच हवं. इंजेक्शननं उद्या उभं राहता येईल असं त्याला वाटतं. डॉक्टरनं नाही म्हटलं, तर समोरच्या गल्लीत दुसरा दवाखाना उघडाच आहे. ही भीती काल्पनिक नाही. गरिबांच्या वस्तीत प्रॅक्टिस टिकवणाऱ्या कुणालाही विचारून बघावं.

वेळेचा मुद्दाही याच टेबलावरचा आहे. ६७ देशांतल्या अभ्यासांचा एक आढावा २०१७ साली निघाला. प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतो? बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. आपली सकाळची ओपीडी यातल्या कोणत्या टोकाला आहे, हे बाकावर नंबर लावून बसलेल्याला सांगायला नको. औषध का देत नाही हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. औषध लिहायला दहा सेकंद.

थकव्यानंही चिठ्ठी बदलते. अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दवाखान्यांत श्वसनविकारांसाठी झालेल्या सुमारे बावीस हजार भेटींची नोंद संशोधकांनी तासाप्रमाणं लावून पाहिली. तेच डॉक्टर, तसेच आजार. सत्राच्या पहिल्या तासाला अँटिबायोटिक लिहिण्याची जी शक्यता होती, ती चौथ्या तासाला सुमारे सव्वापट झाली होती. जेवणाच्या सुट्टीनंतर ती पुन्हा खाली आली आणि संध्याकाळकडं पुन्हा चढत गेली. दवाखान्यात कोणत्या वेळी पाऊल ठेवलं, यावर औषध ठरावं ही गोष्ट डॉक्टरला स्वतःला सांगितली तरी त्याचा विश्वास बसणार नाही, कारण प्रत्येक चिठ्ठी लिहिताना त्यानं विचारच केलेला असतो. फक्त दिवस चढतो तसा तो विचार सोप्या वाटेनं जाऊ लागतो.

आता औषधाच्या निवडीकडं येऊ. भारतातल्या खासगी बाजारात २०१९ साली विकल्या गेलेल्या अँटिबायोटिक्सचा हिशेब २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दर हजार लोकांमागे रोज १०.४ प्रमाणित डोस, हा आकडा जगाच्या मानानं मोठा नाही. आपण अँटिबायोटिक फार खातो, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. चिंता आहे ती कोणतं खातो याची. जपून वापरावीत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं वेगळ्या काढलेल्या 'वॉच' गटातल्या औषधांचा वाटा त्यात ५४.९ टक्के होता. साध्या आजारांवर आधी वापरावीत अशा 'ॲक्सेस' गटाचा वाटा फक्त २७ टक्के. संघटनेची अपेक्षा होती, की हा दुसरा वाटा ६० टक्के तरी असावा. आणि सगळ्यात जास्त खपलेली गोळी होती ५०० मिलिग्रॅमची अझिथ्रोमायसिन.

हीच गोळी का? डॉक्टरच्या जागी बसून बघा. जंतूंमुळं घसा धरला असेल तर अमॉक्सिसिलिन पुरतं. घसा बिघडवणारा स्ट्रेप्टोकॉकस पेनिसिलिनच्या कुळाला आजही दाद देतो. पण अमॉक्सिसिलिन दिवसातून दोन-तीनदा, बरेच दिवस घ्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, की पेशंट स्ट्रिप कपाटात ठेवून देतो, हे डॉक्टर जाणून असतो. अझिथ्रोमायसिन दिवसाला एक, तीन दिवस, संपलं. पेशंटला लक्षात राहतं, मेडिकलवाल्याकडं हमखास असतं, किंमत आवाक्यात, आणि औषध कंपनीचा एमआर दर महिन्याला येऊन त्याचीच आठवण देऊन जातो. डॉक्टरनं केलेला विचार मूर्खपणाचा नाही. तो समोरच्या एका पेशंटपुरता पाहतो. तीच गोळी लाखो दवाखान्यांतून रोज निघाली तर टायफॉइडसारख्या आजारात, जिथं ती खरी लागते, ती चालेनाशी होईल, हे त्या टेबलावरून दिसत नाही.

औषध कंपन्यांच्या भेटी, परदेशवाऱ्या, लॅब आणि तज्ज्ञांकडून मिळणारं कट यांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, डॉक्टरांनीच लिहिलं आहे, आणि ते खरं आहे. पुण्याच्या डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातल्या औषधवापराचा अभ्यास नव्वदच्या दशकातच करून ठेवला. इथं मी त्यात जात नाही. एवढंच म्हणते, की लाचेनं सगळा फरक समजत नाही. कट न घेणाऱ्या, एमआरला दारात उभं न करणाऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीतही ती गोळी असतेच.

आणि प्रत्येक फरक वाईटही नसतो. गडचिरोलीत तापाच्या पेशंटचं मलेरियासाठी रक्त तपासणं शहाणपणाचं आहे. पुण्याच्या उच्चभ्रू सोसायटीत तीच तपासणी प्रत्येक तापात करायची गरज नाही. मूत्रपिंड थकलेल्या आजोबांना वेदनाशामक गोळी टाळायची, त्यांच्या तरण्या नातवाला चालते. सर्वांना एकच चिठ्ठी, हा हट्ट नको. पेशंट वेगळा म्हणून चिठ्ठी वेगळी असेल तर ते चांगल्या डॉक्टरचं लक्षण. डॉक्टर वेगळा, वेळ वेगळी, खुर्ची वेगळी म्हणून ती वेगळी असेल, तर तिथं पेशंटचं नुकसान आहे.

हा दुसरा फरक कमी करता येतो, आणि त्यासाठी लागलेला खर्च पाहिला तर आश्चर्य वाटतं. इंग्लंडमध्ये कोणत्या दवाखान्यानं कोणतं औषध किती लिहिलं याचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. ऑक्सफर्डच्या बेन गोल्डेकर यांच्या गटानं २०१५ पासून ते कुणालाही बघता येतील असे मांडले आहेत. पेशंटचं नाव त्यात नसतं, दवाखान्याचं असतं. २०१४ मध्ये तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी सर्वांत जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या दवाखान्यांच्या डॉक्टरांना एक पत्र पाठवलं. त्यात धमकी नव्हती, दंड नव्हता. तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहितात, एवढी माहिती होती आणि काय करता येईल याच्या दोन-तीन सूचना. अर्ध्या दवाखान्यांना पत्र गेलं, अर्ध्यांना नाही. पत्र मिळालेल्यांकडचं प्रमाण ३.३ टक्क्यांनी घसरलं. टक्का लहान वाटतो, पण सहा महिन्यांत ७३ हजारांहून जास्त चिठ्ठ्या कमी लिहिल्या गेल्या, एका पत्राच्या खर्चात.

अमेरिकेत बॉस्टन आणि लॉस एंजलिसमधल्या ४७ दवाखान्यांत झालेल्या प्रयोगानं पुढचं पाऊल टाकलं. सर्दीसारख्या आजारात डॉक्टरनं अँटिबायोटिक निवडलं, की संगणक त्याला कारण लिहायला सांगायचा. लिहिलं नाही, तर पेशंटच्या कागदावर 'कारण दिलेलं नाही' असं उमटायचं. दुसऱ्या गटात डॉक्टरांना दर महिन्याला ईमेल यायची, की तुम्ही उत्तम काम करणाऱ्यांत आहात किंवा नाही. या दुसऱ्या गटात गरज नसताना अँटिबायोटिक देण्याचं प्रमाण दीड वर्षात सुमारे २० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. औषध मना केलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला त्याचं स्वतःचं लिहिणं दिसू लागलं, एवढंच.

आपल्याकडच्या जनरल प्रॅक्टिशनरला हे कधीच दिसत नाही. तीस-तीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरला आपण शेजारच्या डॉक्टरपेक्षा दुप्पट अँटिबायोटिक लिहितो की निम्मं, हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याला आठवतो तो गुण आलेला पेशंट. ज्याला गुण आला नाही तो दुसरीकडं गेला. डॉक्टरांच्या संघटनांच्या तालुका शाखांनी मनावर घेतलं तर हे सरकारशिवायही होण्यासारखं आहे: प्रत्येकानं महिन्यातल्या एका दिवसाच्या चिठ्ठ्यांच्या प्रती नावं झाकून आणायच्या आणि एकत्र बसून मोजायच्या. मला हे औषध कंपनीच्या खर्चानं हॉटेलात होणाऱ्या दहा व्याख्यानांपेक्षा मोलाचं वाटतं.

टीबीत तर आणखी एक वाट सापडली आहे. सगळी औषधं एकाच गोळीत एकत्र केली आणि वजनाप्रमाणं गोळ्या ठरवून दिल्या. सध्याच्या तक्त्यात ३५ ते ४९ किलोच्या माणसाला रोज तीन गोळ्या, ५० ते ६४ किलोला चार. डॉक्टरला मिलिग्रॅमचं गणित करावं लागत नाही, पेशंटला त्यातलं एखादं औषध गाळता येत नाही. २०१४ पासून मुंबईत आणि पाटण्यात खासगी डॉक्टरांच्या पेशंटनाही टीबीची औषधं मोफत देण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढं ती सोय देशभर वाढवण्यात आली. मार्च २०१४ पासून टीबीची औषधं आणि बरीच वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स 'एच वन' यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि विकताना दुकानदारानं पेशंटचं, डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. जिथं योग्य उत्तर एकच आहे, तिथं चुकायची जागाच कमी करावी, हे यातलं शहाणपण.

घसा, सर्दी, खोकला यांत मात्र गोळी एकत्र करून भागणार नाही, कारण तिथं पुष्कळदा योग्य उत्तर 'काही देऊ नका' हेच असतं. इंग्लंडमध्येच पॉल लिटल यांनी घसा धरलेल्या ७१६ पेशंटवर केलेला प्रयोग इथं उपयोगी पडतो. एका गटाला लगेच अँटिबायोटिक, दुसऱ्याला काही नाही, तिसऱ्याला सांगितलं, की तीन दिवसांत बरं वाटलं नाही तर चिठ्ठी घेऊन जा. बरं व्हायला तिन्ही गटांना साधारण सारखाच वेळ लागला. लगेच औषध मिळालेल्या ९९ टक्के लोकांनी ते घेतलं, तिसऱ्या गटातल्या फक्त ३१ टक्क्यांनी. ज्यांना लगेच औषध मिळालं, ते पुढच्या वेळी घसा धरल्यावर डॉक्टरकडं येण्याची शक्यताही जास्त होती. एक चिठ्ठी अशी पुढच्या चिठ्ठीची सोय करून ठेवते.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी डॉक्टरांकडं गेलात, तर बसल्याबसल्या सांगून टाका: "डॉक्टर, औषधाची गरज नसेल तर देऊ नका. तुमची फी मी देणारच आहे. फक्त काय झालंय आणि कशावर लक्ष ठेवायचं, ते सांगा." अँटिबायोटिक लिहिलं, तर ते कशासाठी आहे आणि दोन दिवस थांबून बघता येईल का, हे विचारा. कोणताही चांगला डॉक्टर याचा राग मानणार नाही. पुष्कळांना तर सुटल्यासारखं वाटेल. लिहिलेलं अँटिबायोटिक स्वतःच्या मनानं अर्ध्यात सोडू नका आणि उरलेली स्ट्रिप शेजाऱ्याला देऊ नका. आणि घरात कुणाचाही खोकला दोन आठवडे गेला नसेल, तर तिसरं सिरप आणू नका. थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते आणि टीबी निघाला तर औषधंही मोफत मिळतात.